जीवाश्म सरीसृप, महाराष्ट्रातील : नामकरण व वर्गीकरण

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत नामशेष सरीसृपांचे अवशेष आढळत नाहीत. डहाणू–चारोटीच्या परिसरापासून नागपूरजवळपर्यंतचा प्रदेश मुख्यत्वे दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने झाकलेला असून लाव्हारसापासून बनलेल्या खडकात हाडे टिकत नाहीत. असे अवशेष मिळतात ते लाव्हाथरांखालून वा त्यांच्या कडेला उघड्या पडलेल्या गाळाच्या खडकांत, नाहीतर दोन लाव्हाथरांमध्ये साचलेल्या आंतरट्रॅपी थरांत. पहिल्या प्रकारची स्थळे पूर्व विदर्भात आहेत, तर दुसऱ्या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबई बेटाचे आहे. स्थळे मोजकीच असली, तरी येथील जीवाश्मांना दिलेल्या नावांचा इतिहास बराच गुंतागुंतीचा आहे.

प्राण्यांची द्विनाम पद्धती लिनीअस यांच्या १७५८ मधील ग्रंथापासून मोजतात. पहिले नाव प्रजातीचे व दुसरे जातीचे असते. प्रत्येक जातीचे नाव एका ठराविक नमुन्याशी, म्हणजे प्ररूपाशी, बांधलेले असते. एकाच प्राण्याला दोन नावे मिळाल्यास आधीचे नाव सामान्यतः ग्राह्य धरतात आणि एकच नाव दोन प्राण्यांना दिले गेल्यास नंतरचे बाद होते. या शेवटच्या नियमाचा एक दाखला वरळीच्या कासवाने पुरविला. मुंबईतील शल्यचिकित्सक एच. जे. कार्टर यांनी १८५२ मध्ये तेथील आंतरट्रॅपी थरांतील कासवाला डॉ. लीथ यांच्यावरून ‘टेस्ट्यूडो लीथाय’ हे नाव दिले. १८६९ मध्ये ग्यूंटर यांनी एका जिवंत कासवाला नेमके हेच नाव दिले. साहजिकच ते टिकले नाही आणि ईजिप्शियन कासव आज लॉर्टे यांनी १८८३ मध्ये दिलेल्या ‘टेस्ट्यूडो क्लाइनमॅनी’ या नावाने ओळखले जाते. वरळीचे कासव मात्र टेस्ट्यूडो प्रजातीचे नव्हतेच. काही काळ ते दक्षिण अमेरिकेतील कासवांच्या ‘हायड्रॅस्पिस’ या प्रजातीत घातले गेले. १९५३ मध्ये विल्यम्स यांनी ते मान आडवी वळवून कवचाखाली घेणाऱ्या दुसऱ्याच एका कुलातील असल्याचे दाखवून त्याच्यासाठी ‘कार्टरेमिस’ ही प्रजाती स्थापली.

डायनोसॉरांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होता. ‘डायनोसॉरिया’ ही संज्ञा रिचर्ड ओएन यांनी १८४२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच, १८२८ मध्ये, स्लीमन यांना जबलपूर येथे काही मोठी हाडे मिळाली होती. त्यांतील शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही प्रजाती व जाती वर्णिली. पुढील बाजूस खोबण व मागील बाजूस गोल उंचवटा, हे या मणक्यांचे वैशिष्ट्य होते. चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोडा तालुक्यातील पिसदुरा येथील लॅमेटा थरांतही तसेच मणके मिळाले होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच या गावाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. पिसदुऱ्याचे मणके दोन्ही अंगांनी चपटे नसून बरेचसे दंडगोलाकार होते. तेवढ्या फरकावर लिडेकर यांनी १८७९ मध्ये भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांच्या सन्मानार्थ ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी’ ही दुसरी जाती केली.

त्या काळी असा मणका इतर कोणत्याही ज्ञात सॉरोपॉडात नव्हता, हे लिडेकर यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण पुढे अर्जेंटिना, मादागास्कर, यूरोप व लाओस येथेही तशाच घडणीचे मणके सापडत गेले आणि तेही टायटॅनोसॉरसमध्येच घातले गेले. जातींची संख्या चौदावर गेली. जे लक्षण एका प्रजातीचे मानले होते, ते वस्तुतः प्राण्यांच्या एका फार मोठ्या गटाचे निघाले. २००३ मध्ये विल्सन व अपचर्च यांनी या सर्व जातींची फेरतपासणी केली. मूळ प्ररूपावरून टायटॅनोसॉरस इंडिकस इतरांपासून वेगळा ओळखता येत नाही, म्हणून ते नाव ग्राह्य धरू नये, असा त्यांचा निष्कर्ष होता. ब्लॅनफर्डीची गतही तीच झाली. भारतातील डायनोसॉर-संशोधनाच्या आरंभीच्या नावाचा असा शेवट अनेकांना रुचला नसेल. परंतु दोन-चार मणक्यांवर उभारलेल्या नावाकडून याहून अधिक अपेक्षा करणे रास्त नव्हते. टायटॅनोसॉरसवर आधारलेले कुलनामही त्याबरोबर मागे पडले. ‘टायटॅनोसॉरिया’ हे व्यापक गटाचे नाव मात्र वापरात राहिले. स्लीमन यांच्या संग्रहातील हरवलेला मानलेला एक मणका २०१२ मध्ये कोलकात्यातील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला.

वरोडा तालुक्यातीलच डोंगरगाव येथील शोधाची कथा याच्या उलट आहे. तेथील टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात भारतीय सांख्यिकीय संस्थेच्या संशोधकांनी एका सॉरोपॉडाच्या सांगाड्याचा मोठा भाग खणून काढला. त्यात मान, पाठ व शेपटी यांचे मणके, फासळ्या, श्रोणीची हाडे व पुढच्या पायाची हाडे होती. कवटी व मागचे पाय नव्हते. सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये अमेरिकन पुराजीववैज्ञानिक कोलबर्ट यांच्या नावाने त्याला ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ म्हटले. टायटॅनोसॉरस बाद होताच या सांगाड्याला प्रजातीच उरली नाही. तेव्हा वर उल्लेखिलेल्या २००३ च्या लेखातच त्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते बनविले आहे. इसिस या ईजिप्शियन देवतेशी त्याचा संबंध नाही. लॅमेटा थरांतील सॉरोपॉडांपैकी सर्वांत चांगल्या सांगाड्यांत त्याची गणना होते.

जैन यांचे स्वतःचे नावही या नामावलीत दोनदा आले आहे. जबलपूरच्या एका सॉरोपॉडाला १९३३ मध्ये फोन ह्यूने व मॅटली यांनी ‘अंटार्क्टोसॉरस’ या दक्षिण अमेरिकी प्रजातीत घातले होते. १९९५ मध्ये तो ‘जैनोसॉरस’ झाला. पिसदुऱ्याच्या ज्या कासवाचे जैन यांनी १९७७ मध्ये ‘कार्टरेमिस पिसदुरेन्सिस’ म्हणून वर्णन केले, त्याला त्यांनीच पुढे ‘श्वेबोएमिस’ या प्रजातीत हलविले आणि २०२० मध्ये जॉइस व बंद्योपाध्याय यांनी ‘जैनेमिस’ ही स्वतंत्र प्रजाती दिली. प्रजाती दोनदा बदलली, तरी नियमानुसार ‘पिसदुरेन्सिस’ हे जातिनाम तसेच राहिले. मुंबईच्या आंतरट्रॅपी थरांतून २००३ मध्ये वर्णिलेले ‘सांकुचेमिस सेठनाय’ हे कासव त्याच्या जवळच्या नात्यातील मानतात.