खानेसुमारी आणि आपला आवाज

२०११ चा फेब्रुवारी. मी बारा वर्षांचा होतो. खामगावात आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून जात कळत नाही. बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेवलेला. खानेसुमारीवाला मास्तर आला, ओट्यावर कागद पसरून बसला. घरमालक चहा घेऊन त्याच्या शेजारीच बसला. मास्तरनं विचारलं, ‘धर्म?’ बापानं घरमालकाकडं बघितलं आणि म्हणाला, ‘हिंदू.’ माय आतून ऐकत होती. त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

मी आज गिरणीत रिंग खात्यात आहे. शाळा दहावीलाच सुटली. जे वाचलं ते रात्रपाळी सुटल्यावर. वाचता वाचता कळलं की बापाची भीती त्याची एकट्याची नव्हती. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

आपला वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. १८६७ साली त्यांनी इथं शिरगणती घेतली. सबंध देशाची एकाच वेळी झालेली पहिली खानेसुमारी १८८१ ची. त्या साली मेवाडात भिल्ल उठले. सरकार माणसं मोजतं ते कर बसवायला, नाहीतर काबूलच्या लढाईवर न्यायला, अशी त्यांच्यात आवई होती. शहाणे लोक ह्याला अडाणीपणा म्हणतात. मी म्हणत नाही. कारण त्याच सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीच्या जमाती नोंदवहीत चढवल्या, त्यांच्यामागं हजेरी लावली. पोर पाळण्यात असतानाच गुन्हेगार ठरलं. ती यादी १९५२ साली रद्द झाली. पण आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या पारधी बेड्यावर जाऊन विचारा, कुठं चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा कुठं येतात. कागद रद्द होतो, नजर रद्द होत नाही.

मग मोजणीच नको म्हणायचं का? नाही, मित्रांनो. बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९३२ साली मताधिकारासाठी लोथियन समिती बसली. अस्पृश्य किती, असा प्रश्न निघाला. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या विटाळ पाळणारेच म्हणायला लागले की आमच्या प्रांतात अस्पृश्य फार नाहीतच! आकडा कमी तर सत्तेतला वाटाही कमी, हा त्यातला डाव. समितीत असलेल्या बाबासाहेबांना आपली वेगळी टिपणी जोडावी लागली. म्हणजे आपल्याला यादीत कोंडून मारता येतं, तसं यादीतून वगळूनही मारता येतं.

आता माझ्या आजीची गोष्ट. १९६१ ची खानेसुमारी. धम्मदीक्षेला पाच वर्षंही झाली नव्हती. आजी मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात नवी सून म्हणून आलेली. मोजायला गावचेच गुरुजी आले आणि वाड्याबाहेरच्या लिंबाखाली उभे राहिले. धर्म विचारायच्या आधीच लिहायला लागले. आजी सांगते, ‘म्या म्हनलं, गुर्जी, बाबासाहेबांनं धम्म देल्ला, तोच लिवा. दुसरं लिवान त कागद इथंच ठिवून जा.’

अशा बाया-माणसांनी तो आकडा घडवला. १९५१ साली महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध अडीच हजारसुद्धा नव्हते. १९६१ साली ते २७ लाख ८९ हजार ५०१ झाले. आणि हे फुकट झालं नाही. धर्म बौद्ध लिहिला की अनुसूचित जातीचा रकाना कोरा राहायचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्ध नव्हते. महाराष्ट्रानं आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचं दार १९९० पर्यंत बंदच होतं. भाकरी जाईल हे माहीत असून लोकांनी ‘बौद्ध’ सांगितलं. माझ्या बापानं खोली जाईल म्हणून सांगितलं नाही. मी त्याला दोष देत नाही. पण २०११ ला महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार २०० बौद्ध मोजले गेले, त्यात आमच्या घरची चार माणसं नाहीत, हे मला टोचतं.

कायदा काय म्हणतो? १९४८ चा जनगणना कायदा म्हणतो की ही माहिती गुप्त आहे. ती कोणाला बघता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. मोजणाऱ्यानं ती फोडली किंवा जाणूनबुजून खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायची सक्ती नाही, इतका बारीक विचार त्यात आहे. पण ओट्यावर बसलेल्या घरमालकाचा विचार नाही! कागद कुलपात राहतो. आवाज मात्र सगळ्या आळीला ऐकू जातो. आपली जात फुटते ती दप्तरातून नाही, दारातूनच.

आणखी एक ध्यानात ठेवा. २०१० साली घरयादीबरोबर लोकसंख्या नोंदवहीचा कागदही भरून घेतला. विचारणारा तोच, पण हा कागद नागरिकत्वाच्या कायद्याखालचा. जनगणनेची गुप्तता त्याला लागू नाही. २०१९-२० साली लोक रस्त्यावर आले ते ह्याच कागदाच्या धास्तीनं. म्हणून आधी विचारायचं : कोणता कागद, कोणता कायदा?

२०२१ ची खानेसुमारी झालीच नाही. पुढच्या खानेसुमारीसाठी १ मार्च २०२७ ही तारीख सरकारनं जाहीर केली आहे. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच खानेसुमारीत सगळ्यांची जात विचारणार. मोबाईलवर आपली आपण भरायचीही सोय देणार आहेत. तेव्हा कार्यकर्त्यांनी नुसती भाषणं करू नयेत. वस्तीत जावं, भाड्याच्या खोल्यांत जावं. लोकांना सांगावं : मोजणाऱ्याला आत बोलवा, बाहेरच्याला बाहेर बसवा, काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावा. गुप्तता हा आपला हक्क आहे. लपणं ही लाचारी आहे. दोन्हींत गल्लत करू नका.

आमची खोली अजून भाड्याचीच आहे. घरमालक दुसरा, ओटा तसाच. परवा बापानं विचारलं, ‘या वेळी काय सांगायचं रे?’

मी म्हटलं, ‘बाबा, या वेळीही तुम्हीच सांगा. मी दारात उभा राहतो.’