मध्यरात्रीचं नागपूर आणि एक हट्टी मंत्री



ऑनलाइन काही मागवलं की मोबाइलवर मेसेज येतो: "तुमचं पार्सल नागपूर हबला पोहोचलं आहे." आता आमचं आसेगाव वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात. मुंबईकडून निघालेली वस्तू कधी कधी अकोला ओलांडून पुढे नागपूरला जाते आणि मग उलटी फिरून आपल्याकडे येते. पोरं विचारतात, हा काय येडेपणा आहे? येडेपणा नाही, हिशोब आहे. आणि तोच हिशोब आपल्या विदर्भाच्या आकाशात १९४९ सालीच मांडला गेला होता. मांडणारा होता केंद्रातला एक मंत्री. त्याच्या हट्टापायी देशाला रात्रीची विमान टपाल सेवा मिळाली. पण त्याच काळात विमान कंपन्यांचा जो घोळ झाला, त्याचा शेवट चाळीस वर्षांच्या सरकारी मक्तेदारीत झाला. आजचा भाग या दोन्ही गोष्टींवर.

आधी हिशोब समजून घेऊ. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशी चार शहरं. प्रत्येक शहरातून बाकी तिघांना रोज टपाल पाठवायचं. थेट विमानं सोडली तर चार गुणिले तीन, म्हणजे रात्रीला बारा उड्डाणं. आता मध्ये नागपूर ठेवा. चारही शहरांतून एकेक विमान मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला येईल, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होईल आणि उजाडायच्या आत विमानं परत. चार येणारी, चार जाणारी, एकूण आठ उड्डाणं आणि फक्त चार विमानं. आम्ही कॉम्प्युटरवाले याला स्टार नेटवर्क म्हणतो. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिस शहरात रात्री सगळी विमानं गोळा करायला सुरुवात केली ती १९७३ मध्ये. नागपूर त्यांच्या चोवीस वर्षं आधी!

३० जानेवारी १९४९ ला ही सेवा सुरू झाली. तेव्हाचे दळणवळण मंत्री होते रफी अहमद किदवई. पोस्ट, तार आणि नागरी विमान वाहतूक, सगळं त्यांच्याच हाताखाली. १ एप्रिल १९४९ पासून त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. साध्या पत्रावर हवाई टपालाचं जादा तिकीट लावायची गरज राहिली नाही. जिथे विमानाने पत्र लवकर पोहोचतं, तिथे ते विमानाने जाणार. म्हणजे विमानात पाय ठेवायची ऐपत नसलेल्या माणसाचं पत्रसुद्धा विमानात बसलं. त्या काळी आपला भाग अकोला जिल्ह्यात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर. विमान गावात काही आलं नाही, पण विमानाचा उपयोग श्रीमंतांपुरता राहू नये, असं धोरण या देशात पहिल्यांदा अशा ठोस स्वरूपात आलं. आजची 'उडान' योजना ज्या विचारावर उभी आहे, त्याची ही आजी म्हणा.

आता गोष्टीची दुसरी बाजू.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा डकोटा विमानं अक्षरशः भंगाराच्या भावात मिळत होती. ज्याच्याकडे थोडं भांडवल, तो विमान कंपनी काढायला निघाला. १९४६ मध्ये परवाने देणारं मंडळ बसलं आणि परवान्यांची खैरात झाली. जे. आर. डी. टाटा सांगत होते की प्रवासी मूठभर आहेत, एवढ्या कंपन्या जगणार नाहीत. ऐकतो कोण? अंबिका, ज्युपिटर अशा कंपन्या बघता बघता बुडाल्या.

किदवईंच्या रात्रीच्या टपालालाही जेआरडींचा विरोध होता. रात्री उतरण्यासाठी दिवे, रेडिओ, जमिनीवरची तयारी पुरेशी नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय या विमानांत प्रवासीही घेणार आणि तेही दिवसापेक्षा कमी भाड्यात. म्हणजे आधीच तोट्यात असलेल्या दिवसाच्या विमानांचं गिऱ्हाईक आणखी तुटणार. जुन्या कंपन्यांचं आणि सरकारचं जमलं नाही. मग मंत्र्यांनी काम दिलं इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या नव्या कंपनीला. ती काही महिन्यांतच बसली. सेवा थांबली. मग हिमालयन एव्हिएशन नावाच्या कंपनीला धरून त्याच वर्षी ती पुन्हा चालू केली.

इथे किदवईंना सरळ खलनायक करून टाकू नका. १९४८ मध्ये मुंबई-लंडन विमानसेवेसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल उभी राहिली, टाटा आणि सरकार यांच्या भागीदारीत. सरकारचा वाटा ४९ टक्के. त्या प्रस्तावाला साथ देणारे मंत्री हेच किदवई. म्हणजे खाजगी उद्योगावर त्यांचा राग होता असं नाही. सेवा लोकांपर्यंत जायलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता आणि तो बरोबरच होता. घोळ वेगळा होता. परवाना देणारं सरकार, टपालाचं कंत्राट देणारं सरकार, इंधनावर कर लावणारं सरकार आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणारंही सरकारच. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर खेळपट्टी बनवणारा, नाणं उडवणारा आणि पंच, तिघंही एकच. आणि थोड्याच दिवसांत तो स्वतः बॅट घेऊन उतरणार होता!

१९५० मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष, आपला मराठी माणूस. समितीचं निदान स्पष्ट होतं: कंपन्या गरजेपेक्षा जास्त झाल्या आहेत, चार पुरेशा आहेत, त्यांनी आपसात विलीन व्हावं. राष्ट्रीयीकरण लगेच नको, पाच वर्षं तरी थांबा, असंही समितीने सांगितलं. म्हणजे दोन टोकांच्या मधला रस्ता कागदावर तयार होता. कंपन्यांनी विलीन व्हायला उत्साह दाखवला नाही आणि सरकारने पाच वर्षं वाट बघितली नाही. तोवर किदवई त्या खात्यातून गेले होते आणि जगजीवन राम आले होते. १९५३ चा कायदा झाला. १ ऑगस्ट १९५३ ला आठ कंपन्या गोळा करून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल सरकारी झाली.

मालक बदलला म्हणून धोका संपला का? १२ डिसेंबर १९५३ ला नागपूरहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं डकोटा कोसळलं आणि १३ माणसं गेली. सुरक्षेचा प्रश्न कंपनी सरकारी की खाजगी एवढ्यावर सुटत नाही, हे तेव्हाच दिसलं.

पुढची चाळीस वर्षं देशात नियमित विमानसेवेची मक्तेदारी सरकारची. तो कायदा रद्द झाला थेट १९९४ मध्ये. आधी परवान्यांचा पूर, मग सगळी दारं बंद. दोन्ही वेळा निर्णय वरून आला आणि दोन्ही वेळा किंमत मोजली प्रवाशाने.

आता इतिहासातून थोडं जवळ येऊ. २००४ ते २०११ या काळात नागरी विमान वाहतूक खातं विदर्भाकडे होतं. मंत्री प्रफुल्ल पटेल, गोंदियाचे. त्या काळात स्पाइसजेट, गोएअर, किंगफिशर, इंडिगो अशा कंपन्या एकामागून एक आल्या. तिकिटं स्वस्त झाली आणि मध्यमवर्गातली कितीतरी माणसं पहिल्यांदा विमानात बसली. हे श्रेय नाकारायचं कारण नाही. त्याच काळात, २००७ मध्ये, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या गेल्या. १९५३ मध्ये वेगळी ठेवलेली दोन भावंडं पुन्हा एका घरात आली, पण घर काही सावरलं नाही. नव्या कंपन्यांचं काय झालं? किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, गोएअर २०२३ मध्ये. मधल्या काळात, २०१९ मध्ये, जुनी जेट एअरवेजही गेली. एअर इंडिया २०२२ मध्ये परत टाटांकडे. आज देशात विमानाने जाणाऱ्या दर दहा जणांपैकी सुमारे नऊ जण इंडिगो किंवा एअर इंडिया समूहाच्या विमानात बसतात.

ओळखीची वाटते ना गोष्ट? खूप कंपन्या येतात, काही बुडतात, शेवटी एक-दोन उरतात. परवाने जास्त म्हणजे स्पर्धा जास्त, असा आपला समज असतो. पण परवाना हा फक्त शर्यतीत उतरायचा पास झाला. धावणाऱ्याला धावपट्टीवर वेळ, परवडणारं इंधन आणि सगळ्यांना सारखे नियम मिळाले, तरच शर्यत टिकते. किदवईंच्या वेळीही नाव नोंदवणारे भरपूर होते.

याचा आपल्याशी काय संबंध, असं कोणी विचारेल. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली, 'उडान' योजनेत. विमान कोणाचं? अलायन्स एअरचं, म्हणजे सरकारी मालकीच्या कंपनीचं. आपल्या भागातला कोणी मुलाखतीला, उपचाराला किंवा कोर्टाच्या तारखेला मुंबईला जाणार असेल, तर ही सेवा चालणं न चालणं हा त्याच्यासाठी फार मोठा प्रश्न आहे. आणि ती अनुदानावर उभी आहे. नागपूरच्या रात्रीच्या टपालासारखंच: बाजाराला जे परवडत नाही, ते सरकारने ठरवलं म्हणून सुरू झालं.

म्हणून यापुढे एखाद्या मंत्र्याने नव्या विमानसेवेची घोषणा केली की टाळ्या जरूर वाजवा, पण तीन प्रश्न विचारा. अनुदान किती वर्षं मिळणार? कंपनी बसली तर तिच्या जागी कोण येणार? आणि नियम करणारा, पैसे देणारा आणि विमान चालवणारा वेगवेगळे आहेत की एकच? १९४९ मध्ये दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मंत्र्यांनी धावपळ करून शोधलं, म्हणून सेवा वाचली. तिसऱ्याचं उत्तर मात्र कोणी शोधलंच नाही.

पुढच्या भागात १९९१ चं साल आणि माधवराव शिंदे: सरकारी मक्तेदारीचं दार उघडायला लागलं तेव्हा नेमकं काय झालं ते बघू. तोवर हा भाग तुमच्या त्या मित्राला पाठवा, जो पार्सल नागपूरला गेलं म्हणून बोंब मारतो. भेटू लवकरच!