बड फाउलरचे बिऱ्हाड

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाऊन नावाचे एक टुमदार गाव आहे. बेसबॉलच्या भक्तांची ती पंढरीच म्हणा ना! एबनर डबलडे नावाच्या लष्करी गृहस्थाने १८३९ साली याच गावात हा खेळ शोधून काढला, अशी एक आख्यायिका होती. तिच्या शताब्दीचा मुहूर्त साधून १९३९ मध्ये तेथे बेसबॉलचे कीर्तिमंदिर उभे राहिले. पुढे इतिहासकारांनी कागद चाळले, तर त्या साली हा डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात धडे गिरवीत होता! आख्यायिका कोसळली, मंदिर मात्र राहिले. देवांच्या बाबतीतही असे पुष्कळदा होते.

मला या गावाचे कौतुक वाटते ते एका निराळ्याच माणसासाठी. त्याचे खरे नाव जॉन जॅक्सन. जन्म १८५८ चा, फोर्ट प्लेन गावचा. पण बालपण गेले कूपर्सटाऊनमध्ये. बाप न्हावी. मुलगाही वस्तरा चालवायला शिकला, आणि पुढे आयुष्यभर खेळाने दगा दिला की ती विद्याच त्याच्या पोटाला उपयोगी पडली. भेटेल त्याला तो ‘बड’ म्हणून हाक मारी, म्हणून लोकही त्यालाच बड म्हणू लागले. खेळासाठी त्याने फाउलर हे आडनाव घेतले. असा हा बड फाउलर वर्णाने काळा होता, आणि पुढची सारी कथा या एका गोष्टीतून घडली.

१८७८ च्या एप्रिलात, विशीतल्या या पोराने मॅसॅच्युसेट्समधल्या एका स्थानिक संघाकडून चेंडू फेकून बोस्टनच्या व्यावसायिक विजेत्या संघाला २–१ असे हरविले. पुढच्याच महिन्यात लिन गावच्या गोऱ्या संघाने त्याला पगारावर मैदानात उतरविले. पगार घेऊन संघटित बेसबॉल खेळणारा, आज ज्ञात असलेला पहिला कृष्णवर्णी खेळाडू तो हाच.

पुढे खांदा चेंडू फेकण्यातून मोकळा करून तो दुसऱ्या बेसवर स्थिरावला. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे. तेव्हा ही जागा थोडी समजावून सांगायला हवी. बेसबॉलच्या चौकोनाला चार कोपरे, आणि एका कोपऱ्यापासून दुसरा नव्वद फुटांवर. चेंडू टोलवून फलंदाज पहिल्या बेसवर पोचला, की त्याचे डोळे दुसऱ्या बेसवर. चेंडूवाल्याची नजर चुकवून तो सुसाट धावत सुटतो आणि शेवटच्या काही फुटांत जमिनीवर अंग झोकून, पाय पुढे करून घसरत येतो. बुटांना खाली लोखंडी खिळे! बेसवर उभ्या असलेल्या माणसाने तेवढ्यात चेंडू झेलून त्याला शिवायचे. फाउलरच्या काळी हातमोजाही बेताचाच; तो तर बहुधा उघड्या हातांनीच झेलायचा.

आता एखाद्या धावणाऱ्याच्या मनात त्या बेसवरच्या माणसाविषयी काळे विष असेल, तर ते खिळे कुठे लागतील हे सांगायला नको. फाउलर पोटऱ्यांना लाकडी पट्ट्या बांधून खेळत असे. त्याच्या बरोबरच्या एका खेळाडूने पुढे हे छापून सांगितले आणि कारणही लपविले नाही: दुसऱ्या बेसकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याला जखमी करण्याच्या इराद्यानेच येई. वीस वर्षांनी, १९०७ मध्ये, रॉजर ब्रेस्नहान या गोऱ्या खेळाडूने नडगीला कवच बांधले, तेव्हा पायाच्या कवचाचे जनकत्व त्याच्या पदरात पडले.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसा हा माणूस फिरला. १८८१ मध्ये कॅनडात ग्वेल्फ येथे गेला, तर संघातल्या सोबत्यांनीच त्याच्याबरोबर खेळायला नकार दिला. १८८४ ला मिनेसोटातले स्टिलवॉटर, १८८५ ला आयोवातले कीओकक. तिथली स्पर्धाच बुडाली. मग कोलोराडो. १८८६ ला कॅन्ससमधले टोपेका, जिथे एका टोल्यात तिसरा बेस गाठण्यात तो साऱ्या वेस्टर्न लीगमध्ये पहिला आला. त्याच्या तोडीचा दुसऱ्या बेसचा खेळाडू देशात नाही, आणि रंग गोरा असता तर तो केव्हाच मोठ्या संघात गेला असता, असे त्या काळच्या क्रीडापत्राने छापले. छापले, आणि अंक पुढे सरकला.

१८८७ चा हंगाम मला सर्वांत जिव्हारी लागतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनकडून इंटरनॅशनल लीगमध्ये तो साडेतीनशेच्या सरासरीने फलंदाजी करीत होता. म्हणजे दर हजार संधींत साडेतीनशे यशस्वी टोले. आजही असा खेळाडू मालक डोक्यावर घेतील. पण त्याच्याच संघातल्या गोऱ्या सोबत्यांनी व्यवस्थापनाला तार केली, की फाउलर आणि रेनफ्रो या दोघा काळ्यांना काढा, नाहीतर आम्ही मैदानात उतरणार नाही. फाउलरला मुक्त केले ते एका अटीवर: या लीगमधल्या दुसऱ्या संघाकडे जायचे नाही! १४ जुलैला बफेलो शहरी लीगच्या मालकांनी ठराव केला, की यापुढे काळ्या खेळाडूंशी करार मंजूर करायचा नाही. कायदा नव्हता, सरकारी हुकूम नव्हता. चार भल्या गृहस्थांची बैठक आणि हात वर. हळूहळू सारी दारे लागत गेली.

फाउलर रडत बसला नाही. न्यू मेक्सिको, मिशिगन, नेब्रास्का, ओहायो – जिथे कोणी उतरू देईल तिथे तो खेळला, आणि अखेर त्याने स्वतःचेच दार बांधले. १८९५ मध्ये मिशिगनमधल्या एड्रियन गावी तारेचे कुंपण बनविणाऱ्या कंपनीच्या पैशावर ग्रँट जॉन्सनच्या साथीने त्याने ‘पेज फेन्स जायंट्स’ हा काळ्या खेळाडूंचा संघ उभा केला. संघाला स्वतःचा रेल्वेचा डबा! जेवणे, झोपणे सारे त्यातच. कारण गावोगावच्या हॉटेलांची दारे त्यांना बंद असत. सामन्याआधी खेळाडू सायकलींवरून गावातून मिरवत जात, आणि मग लोक तिकिटे काढीत. पुढे एका संघाला तर त्याने उंच टोप्या आणि रेशमी छत्र्या देऊन मिरवले. गोऱ्या प्रेक्षकाला मैदानापर्यंत आणायचे तर खेळाबरोबर थोडी जत्राही विकावी लागते, हे त्याने ओळखले होते. मला मात्र त्या छत्र्यांचे हसू येत नाही.

म्हातारपणी शरीर थकले, पैसा नव्हता. त्याच्यासाठी मदतीचे सामने भरवायचे प्रयत्न झाले, ते तडीस गेले नाहीत. २६ फेब्रुवारी १९१३ रोजी फ्रँकफर्ट गावी बहिणीच्या घरी तो वारला. थडग्यावर दगडही नव्हता.

१९४६ मध्ये जॅकी रॉबिन्सन माँट्रियल संघातून इंटरनॅशनल लीगमध्येच उतरला. जागा होती दुसरा बेस.

फाउलरच्या थडग्यावर दगड बसला १९८७ साली, तोही बेसबॉलच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी बसविला. २०१३ मध्ये कूपर्सटाऊनने डबलडेच्या नावाच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला फाउलरचे नाव दिले, आणि २०२२ च्या जुलैत कीर्तिमंदिरात त्याची तसबीर ब्राँझमध्ये लागली – ज्या गावात बापाने लोकांच्या दाढ्या केल्या, त्याच गावात.