कणगीपासून पट्टीपर्यंत : भोर-वेल्ह्यातील शेतीचे स्थित्यंतर

राजगड-तोरण्याचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या गडांच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्या कुटुंबांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. ज्ञातिबांधवांपुढे तो थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

१९४८ साली भोर संस्थान विलीन झाले, तेव्हा येथील शेती पोटापुरतीच होती. खाचरात भात, डोंगरउतारावर राब भाजून केलेली नाचणी व वरी. धान्य कणगीत भरले की वर्षाची चिंता मिटे. मीठ, कापड व सारा यांसाठी लागणारा पैसा मुंबईहून मनिऑर्डरीने येई. १९८२ च्या गिरणीसंपानंतर तो ओघ आटला.

पाण्याची कथा तर विलक्षण होय. वेळवंडी नदीवरील भाटघरचे धरण १९२७ साली पूर्ण झाले. जमिनी बुडाल्या भोरकरांच्या. पाणी मात्र नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे गेले. पुढे विजेचे पंप आले, महामार्गाने पुणे जवळ आले, आणि भात निघालेल्या वावरात टोमॅटो, मिरची, कोबी दिसू लागली. एके काळी परड्यात घरापुरता लावला जाणारा भाजीपाला टेम्पोत भरून रातोरात गुलटेकडीस जाऊ लागला.

नगदी पैशाने मुलांची शिक्षणे झाली, घरांवर स्लॅब पडले, हे नाकारता येणार नाही. तथापि कणगी वर्षभर आधार देई. भाजीचा भाव सकाळच्या लिलावात ठरतो. आडत्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई, भाडे वजा जाता कधी बियाण्याचाही खर्च निघत नसे. २०१६ साली शासनाने आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. भावाची अनिश्चितता मात्र राहिली.

आणखी एक बदल डोळ्यांआड झाला. कणगीची किल्ली गृहिणीच्या हाती असे. पट्टी पुरुषाच्या नावे निघते. रोपलावणी, खुरपणी, तोडणी मात्र बहुतांशी तिच्याच हातची. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय 'लक्ष्मी मुक्ती' योजनेने १९९२ पासून झाली आहे. तिचा लाभ किती घरांनी घेतला, हे ज्याने त्याने आपल्या उताऱ्यावर पाहावे.

ज्ञातिबंधूंनो, घरातील जुन्या पट्ट्या जपून ठेवा, वृद्ध मातांच्या आठवणी लिहून घ्या. आपल्या कष्टांची बखर आपणच लिहिली पाहिजे. आणि त्या बखरीत, तसेच उताऱ्यावरही, राबणाऱ्या हातांचे नाव असले पाहिजे.