घोणस, थ्रॉम्बिन आणि रक्तवाहिन्या: एका प्रथिनाचं दुसरं काम

कर्जत तालुक्यातल्या पोशीरसारख्या भातशेतीच्या गावांना घोणस नवी नाही. ती चावल्यावर दवाखान्यात करतात ती साधी चाचणी तुम्हाला माहीत असेल. थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय.

गंमत बघा, हे विष मुळात रक्त गोठवणारं आहे! ते पाचवा आणि दहावा घटक चेतवतं, त्यातून थ्रॉम्बिन बनतं, थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचं फायब्रिन करतं. सगळा साठा असा वापरला गेला की गोठायला काही उरतच नाही. १९३४ मध्ये लंडनला मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हेच विष पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला वापरलं.

म्हणजे थ्रॉम्बिनचं काम गुठळी करणं, एवढंच का? १९७५ मध्ये चेन आणि ब्यूकॅनन यांना दिसलं की थ्रॉम्बिन दिल्यावर कोंबडीच्या भ्रूणातल्या पेशी विभागू लागतात. कसं, ते १९९१ मध्ये कळलं. कॉफलिन यांच्या गटाने पेशीवरचा पीएआर-१ हा ग्राहक शोधला. थ्रॉम्बिन त्याचं बाहेरचं टोक कापतं आणि उरलेलं नवं टोकच ग्राहकाला चालू करतं. रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींवरही हा ग्राहक असतो.

आता खरा प्रश्न. रक्तवाहिन्या घडताना गुठळी लागते, की हा संदेश? दोन्ही वेगळे कसे करणार?

१९९५ मध्ये फायब्रिनोजेन नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना रक्तस्राव होत होता, पण ते जन्माला आले. १९९६ मध्ये टिश्यू फॅक्टर, म्हणजे गोठण्याची सुरुवात करणारं प्रथिन, काढलं तेव्हा भ्रूण पोटातच मेले. त्यांच्या पीतककोशातल्या रक्तवाहिन्या नीट घडल्या नव्हत्या. पीएआर-१ काढल्यावरही साधारण निम्मे भ्रूण मेले. आणि उंदरांच्या प्लेटलेट्स तर थ्रॉम्बिनसाठी पीएआर-१ वापरतच नाहीत! शेवटी २००१ मध्ये ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी तो ग्राहक फक्त अस्तरपेशींत परत बसवला, आणि भ्रूण वाचले.

संशोधनाला लागणाऱ्यांनी हा शेवटचा प्रयोग नीट बघावा. जनुक काढून ‘ते लागतं’ एवढंच कळतं. कुठल्या पेशीत लागतं, हे ते परत बसवल्यावर कळलं. तुमच्या प्रस्तावात ‘काढून बघू’ असं लिहिलं असेल, तर ‘कुठे परत बसवू’ हेही लिहा.