हनुमान आखाडा आणि बर्लिनची गोष्ट



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा मी लाइनवर होतो. आमचे काम रूळ, स्लीपर आणि गिट्टीचे. लेखणीची सवय मस्टर आणि डायरीपुरती. तरी होकार दिला, कारण गेल्या वर्षीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीपासून एक गोष्ट मनात घोळत होती. मिरवणुकीत लेझीम खेळायला जेमतेम नऊ जण मिळाले. त्याच रात्री मांडवात एका तरुण मित्राने अभिमानाने सांगितले, "काका, कबड्डी १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये होती. आपल्या अमरावतीच्या पोरांना हिटलरने मेडल दिले." मोबाइलवर त्याने तसे वाचले होते. त्यातले अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे नीट सांगावे म्हणून हा प्रपंच.

आपल्यापैकी बऱ्याच घरांचे मूळ विदर्भात आहे, त्यामुळे बडनेरा स्टेशन सगळ्यांना ठाऊक. तिथे उतरून अमरावतीची गाडी धरायची. माझे आजोबा अचलपूरकडचे. ते तरुणपणी, १९४० नंतरच्या काळात, अमरावतीच्या हनुमान आखाड्यात शिकले आणि मग रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले. आमच्या घरी ट्रंक एकच होती. तिच्यात खाली आजीची लुगडी आणि वर आजोबांच्या लेझिमा.

हा आखाडा १९१४ साली वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य यांनी सुरू केला. पुढे तोच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने ओळखला जाऊ लागला. सुरुवात इतर तालमींसारखीच, कुस्ती, लाठी, मल्लखांब. गावोगावी अशा तालमी होत्या आणि प्रत्येक वस्तादाची विद्या त्याच्या चार पठ्ठ्यांपुरती असायची. वस्ताद गेला की अर्धी विद्या त्याच्याबरोबर जायची. वैद्य बंधूंनी वेगळी वाट धरली. १९२४ पासून त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षणवर्ग सुरू केले. बाहेरगावची मुले व शिक्षक यायचे, शिकायचे आणि आपल्या गावी जाऊन तेच शिकवायचे. पुढे लाहोरला फाशी गेलेले हुतात्मा राजगुरू यांनीही या आखाड्यात काही काळ शिक्षण घेतले होते. सरकारचा डोळा अशा जागांवर असणारच. तरी दार उघडे ठेवून शिकवायचे, हे धाडस माझ्या मते कोणत्याही पदकापेक्षा मोठे.

आता नियमांची गोष्ट. इथे मला माझ्या धंद्यातले उदाहरण द्यावेसे वाटते. नागपूरहून राजनांदगावपर्यंत पहिली लाइन आली ती मीटरगेज होती. बंगाल नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली आणि तिने ती ब्रॉडगेज केली. आपली रायपूर-धमतरीची छोटी लाइन १९०० सालची, रुंदी अडीच फूट होती. ब्रॉडगेज साडेपाच फूट. जिथे गेज बदलते तिथे माल उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. डबा पुढे जात नाही. खेळांचेही तेच होते. आपल्या रेल्वे कॉलनीत आजोबा आले तेव्हा मराठी मुले हुतूतू खेळत, बंगाली हाडुडु, तेलुगू चेडुगुडु आणि छत्तीसगढी मुले खुडवा. खेळ जवळपास एकच, पण संध्याकाळी एकत्र आले की अर्धा वेळ भांडणात जायचा. हुतूतूतच तीन तऱ्हा. संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला एक मेलेला गडी जिवंत होतो. गनिमीत मेलेला गडी सगळा संघ मरेपर्यंत बाहेर बसतो. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजायचे. आता भांडण होणार नाही तर काय?

नियम लिहून काढण्याचे काम तेव्हाच्या क्लबांनी केले. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालचा. त्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम तयार केले, म्हणजे हनुमान आखाडा निघाला त्याच वर्षी. हुतूतूचे नियम बसवण्याचेही प्रयत्न झाले आणि १९२३ मध्ये बडोद्याला नियमांनुसार मोठी स्पर्धा झाली. जगात दुसरीकडेही असेच घडले आहे. ऑस्ट्रेलियात लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. क्रिकेटच्या अंडाकृती मैदानावर, लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा त्यांचा स्वतःचा खेळ आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग मोकळे राहावे म्हणून टॉम विल्स या खेळाडूने १८५८ मध्ये फुटबॉल क्लबाची कल्पना मांडली. पुढच्या वर्षी मेलबर्नच्या एका हॉटेलात बसून क्लबच्या मंडळींनी दहा नियम लिहिले. दहाच! पण ते कागदावर आले, शेजारच्या गावांनी उचलले, आणि आज तिथे उपनगरा-उपनगरात त्या खेळाचे क्लब आहेत. आपल्याकडे खेळ त्यांच्यापेक्षा जुने, कागद मात्र त्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी आला.

आता बर्लिन. १९३६ च्या ऑगस्टमध्ये तिथे ऑलिम्पिक झाले. त्या सुमारास डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली मंडळाचे पथक बोटीने जर्मनीला गेले आणि कबड्डी, खो-खो, लेझीम असे आपले खेळ त्यांनी तिथल्या लोकांना करून दाखवले. हे खरे. पण कबड्डी ऑलिम्पिकच्या स्पर्धांत नव्हती. प्रात्यक्षिकासाठी म्हणून अधिकृतपणे घेतलेले खेळ त्या वर्षी दोनच होते, बेसबॉल आणि ग्लायडिंग. आपल्या लोकांचा कार्यक्रम त्याबाहेरचा. आपण सुवर्णपदक मिळवले ते हॉकीत. १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला त्यांच्याच घरी ८-१ ने हरवले. राहिले हिटलरचे मेडल. ती हकीकत अमरावतीत आवर्जून सांगतात. मी एवढेच म्हणेन की त्या माणसाने पुढे काय केले हे जगाने पाहिले, आणि त्याच्या हातून काही मिळाले म्हणून आपला आखाडा मोठा झाला असे मला वाटत नाही. विदर्भातल्या तालमीतली मुले समुद्र ओलांडून गेली आणि परक्या लोकांना आपले खेळ दाखवून आली, हे पुरेसे आहे. त्या मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "म्हणजे पोस्ट डिलीट करू का?" मी म्हटले, करू नको, दुरुस्त कर.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४९ मध्ये मंडळाचे पथक स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाडला गेले. हा व्यायामाचा जागतिक मेळा, स्वीडिश व्यायामपद्धतीचे जनक लिंग यांच्या नावाने भरलेला. १९६७ साली अमरावतीत मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय निघाले. प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. कबड्डीचे म्हणाल तर अखिल भारतीय फेडरेशन १९५० मध्ये झाले आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत खेळ पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. नियमांत संजीवनी पद्धत टिकली. मेलेला गडी जिवंत होतो तीच. २०१८ मध्ये जाकार्तात आपला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला तेव्हा आमच्या ऑफिसात सुतक पसरले होते. मला मात्र आतून बरे वाटले. आपला खेळ दुसऱ्याने शिकून आपल्यालाच हरवले, म्हणजे नियम पोहोचले! २०२३ मध्ये हांगझोऊला सुवर्णपदक परत आले, तेव्हा मात्र पेढे मीच वाटले.

आजोबांनी कॉलनीत काय केले ते सांगायचे राहिले. त्यांनी वहीच्या एका पानावर हुतूतूचे नियम हिंदीत लिहिले आणि मैदानाजवळच्या कडुनिंबाला खिळ्याने ठोकले. पावसात पान गळाले की पुन्हा लिहायचे. वडील सांगतात, एका मोसमात चार वेळा लिहिले. भांडणे थांबली नाहीत, पण पुढे भांडणे पानावर काय लिहिले आहे यावरून होऊ लागली. गणपतीत त्याच बंगाली, तेलुगू आणि छत्तीसगढी मुलांना ते लेझीम शिकवायचे. मोजणी मात्र मराठीतच, एक दोन तीन चार.

त्यांच्या लेझिमांपैकी अकरा अजून शाबूत आहेत. तिघांच्या चकत्या निखळल्या होत्या, त्या मी या उन्हाळ्यात बसवून घेतल्या. मांडवामागच्या खोलीत दरवाज्याच्या डाव्या बाजूला टांगल्या आहेत. सराव रोज संध्याकाळी सात वाजता, आरतीच्या आधी. नऊ जण आहेत, दोन लेझिमा रिकाम्या आहेत.