गिरणी ते विमा रुग्णालय: नागपूरच्या कामगार-आरोग्याची वाटचाल

नागपूरच्या सक्करदरा भागात, सोमवारीपेठेत, राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. कामगाराला आजारपणात, अपघातात आणि बाळंतपणात मिळणारी मदत मालकाच्या मर्जीवर न राहता कायद्याने मिळाली पाहिजे, या विचारातून अशी रुग्णालये उभी राहिली. नागपुरात हा विचार रुजायला पाऊण शतक लागले. त्याची सुरुवात कापडगिरणीत होते.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. विदर्भाचा कापूस हाताशी होता, पण नागपूरचा उन्हाळा सुताला मानवणारा नव्हता. कोरड्या हवेत धागा सारखा तुटतो. त्यामुळे गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रे आणि आग विझवणारे फवारे बसवण्यात आले. दमट हवेची सोय मुख्यतः सुतासाठी होती. तिथे दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाला मात्र उकाडा आणि दमटपणा एकदम सोसावा लागे. तरीही या गिरणीने 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. भरपाईचा कायदा त्यानंतर 28 वर्षांनी झाला.

त्या काळातील कायद्याचे लक्ष कामाचे तास, वय आणि यंत्रे यांपुरते होते. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला लावले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अपघाताबरोबर शिशाची विषबाधा यांसारख्या मोजक्या व्यवसायजन्य रोगांनाही भरपाई लागू केली. मध्य प्रांताने 1930 मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा केला. मात्र भरपाई मिळवायची तर दावा करावा लागे, आणि दावा लढवणे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नसे. शिवाय पैसे मिळाले तरी उपचार कुठे घ्यायचे, हा प्रश्न उरतच असे.

या प्रश्नाचे उत्तर आरोग्य विम्यात शोधले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. याच काळात, मार्च 1943 मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल 1944 मध्ये आला आणि त्या पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या कायद्याखालील राज्य कामगार विमा योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. 1954 मध्ये ती नागपुरात आली. त्या वेळी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. आजच्या महाराष्ट्रातील कामगारांना या योजनेचा पहिला अनुभव नागपुरातच मिळाला.

योजनेची रचना सोपी आहे. कामगार आणि मालक दोघेही पगाराच्या ठरावीक टक्क्यांनी वर्गणी भरतात. 1 जुलै 2019 पासून कामगाराचा वाटा 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के आहे. किरकोळ दुखण्यासाठी वस्तीतला दवाखाना आणि पुढच्या उपचारांसाठी रुग्णालय, अशी साखळी असते. आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षातून 91 दिवसांपर्यंत मिळते, तर कामावरच्या दुखापतीत ती 90 टक्के असते. कुटुंबीयांनाही उपचार मिळतात. एका आजारपणाने घर सावकाराच्या दारात जाऊ नये, यासाठी ही तरतूद आहे.

उपचाराची सोय झाली, पण आजार कामातून येतो की काय हे पाहण्याचे काम मागे पडले. गिरणीतल्या पिंजण आणि कार्डिंग खात्याचे उदाहरण घ्यावे. तिथे कापसाची बारीक धूळ हवेत तरंगत असते. वर्षानुवर्षे ती श्वासावाटे आत गेली की बिसिनोसिस होतो. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि दम लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते. पुढे त्रास रोजचा होतो आणि फुप्फुसे कायमची निकामी होऊ लागतात. वेळीच ओळखले आणि खाते बदलले तर माणूस वाचतो. पण डॉक्टरने कामाची चौकशी केली नाही तर हाच रोग दमा किंवा जुनाट खोकला म्हणून नोंदला जातो. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 मध्येच सांगितले होते की, रोग्याला त्याचा धंदा कोणता हे विचारावे.

या त्रुटीचे मूळ कारभारात आहे. महाराष्ट्रात बहुतेक विमा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर कारखान्यांची तपासणी कामगार विभागाच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात प्रथमोपचार पेटी, 500 हून अधिक कामगार असल्यास ॲम्ब्युलन्स रूम आणि व्यवसायजन्य रोगांची सूचना देण्याचे बंधन होते. भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 मध्ये धोकादायक उद्योगांसाठी वैद्यकीय तपासणीचे नियम कडक झाले. तरी कारखान्यातली धूळ आणि रुग्णालयातला खोकला यांच्या नोंदी दोन वेगळ्या कार्यालयांत राहिल्या.

दरम्यान नागपूर बदलले. एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद झाली आणि उद्योग हिंगणा व बुटीबोरीकडे सरकले. भोवतालच्या कोळसा आणि मँगनीजच्या खाणींमुळे खाण कामगारांच्या फुप्फुसांचा आणि श्रवणशक्तीचा अभ्यास करणारी राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्था कोलार गोल्ड फील्ड्सहून नागपुरात आली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीची तरतूद केली आहे.

विमा रुग्णालयाकडे एक मोठी जमेची बाजू आहे: तिथे येणारा विमाधारक कुठे काम करतो, हे त्याच्या विमा क्रमांकावरून कळते. ही माहिती प्रत्येक केसपेपरवर आली आणि कारखाना निरीक्षकापर्यंत पोहोचली, तर सक्करदऱ्याच्या रुग्णालयात केवळ आजारी कामगार बरा होणार नाही, तर त्याच्याशेजारी काम करणाराही आजारी पडण्यापासून वाचेल. कामगार-आरोग्य सेवेचे खरे काम तेच आहे.